हाताला कुठं ठावं?

आमच्या बांगडीवाल्या चाची कुणाच्या तोंडाकडे बघून बोलत नसत. हाताकडे बघून बोलत. तुम्ही दुकानाची पायरी चढलात की त्यांची नजर थेट तुमच्या मनगटावर जायची आणि तिथूनच चौकशी सुरू व्हायची. कधी आलीस, किती दिवस राहणार, सासू बरी आहे का. आई म्हणायची, शिरूरच्या निम्म्या बायका चाचींना चेहऱ्याने ओळखूच येत नसतील. मला ती थट्टा वाटायची. पण एकदा एसटी स्टँडवर मी त्यांना हाक मारली, तर त्या अनोळख्यासारख्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी पिशवी खाली ठेवून हात पुढे केला तेव्हा कुठे म्हणाल्या, "आगं, तू व्हय, मास्तरीणबाई." मला राग आला होता हे खरं, पण पुढे त्याचीही सवय झाली.

बाजारपेठेत दोन मोठ्या दुकानांच्या मध्ये उरलेल्या चिंचोळ्या जागेत त्यांचं दुकान होतं. पुढे बसायची फळी, मागे भिंतीवर काचेच्या बांगड्या लटकवलेल्या दांड्या आणि बाजूला लाकडी चौकटीचा उंच आरसा. धंदा सासरचा. माझ्या आईच्या लग्नाचा हिरवा चुडा चाचींच्या सासूबाईंनी भरला होता, तेव्हा शेजारी बसून चाची नुसत्या बघत होत्या म्हणे. आईचं लग्न कसं झालं हे आईपेक्षा त्याच जास्त रंगवून सांगायच्या, आणि त्यात आईच्या आत्याबाईंचं रुसणं दरवर्षी थोडं वाढत जायचं.

चाचींची एक लबाडी मी कॉलेजात असताना पकडली. काचेची बांगडी हातासमोर धरली की ती हमखास लहान दिसते. मग बाई म्हणते, ही जायची नाही, मोठी दाखवा. चाची वाद घालत नसत. "बरं, दोन-सहा देते," म्हणून पाठ वळवायच्या, डबे खडखडवायच्या आणि तोच डझन पुन्हा पुढे धरायच्या. दोन-चार, दोन-सहा ही बांगडीची मापं. शेवटचा आकडा वाढला की बांगडी मोठी. आता बाईचा हात सैल पडायचा आणि मघाशी न जाणारी बांगडी सुळकन आत जायची. बाई खूश, चाची खूश. बाई गेल्यावर मी म्हटलं, चाची, तुम्ही खोटं बोललात. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, "हाताला तीच दिली की. बदलून पायजे हुती ती डोळ्याला."

साबण लावून बांगडी चढवणाऱ्यांचा त्यांना मनस्वी तिटकारा. साबण लावायला हात म्हणजे काय भांडं आहे का, असं त्या विचारायच्या. त्यांची रीत वेगळी होती. हात आपल्या मांडीवर घ्यायचा, अंगठा तळव्यात दुमडायचा, सांधे दाबून मऊ करायचे आणि "तिकडं बघ" म्हणायचं. तिकडे म्हणजे कुठेही. आणि बघताबघता एखादा असा प्रश्न टाकायचा की बाईला विचार करूनच उत्तर द्यावं लागेल. जावेच्या माहेरच्यांनी जमिनीचं काय ठरवलं, नणंदेचा नवरा हल्ली कुठे असतो. बाई उत्तर जुळवत असायची आणि तेवढ्यात बांगडी मनगटावर. अख्ख्या तालुक्याच्या खबरा चाचींकडे असायच्या त्या अशा. लोक त्यांना चोंबड्या म्हणत, आणि त्या होत्याही. पण त्यांचा चोंबडेपणा धंद्याच्या हत्यारांपैकी होता.

बांगडी फुटली तर "फुटली" म्हणायची सोय नव्हती. "वाढली" म्हणायचं. सगळ्याच घरांत तसं म्हणतात, पण चाची त्याबाबतीत आमच्या आईपेक्षाही कडक. एखाद्या पोरीच्या तोंडून चुकून "फुटली" गेलं तर त्या तिच्या पाठीत धपाटा घालायच्या आणि भरून झाल्यावर वर एक बांगडी जादा भरायच्या. मग त्या पोरीने रीतीप्रमाणे वाकून नमस्कार करायचा आणि चाचींनी तिच्या डोक्यावर हात ठेवायचा. भरणारी मुसलमान, भरून घेणारी मराठ्याची, याचा विचार त्या फळीवर कुणाच्या मनात येत नसे.

एकदा रिकाम्या दुपारी त्यांनी मला एक गंमत दाखवली. फळीवर एक बांगडी ठेवली आणि तिच्याभोवती लहान मुलींच्या चिमुकल्या बांगड्या मांडल्या. शेजारी दुसरी ठेवली आणि तिच्याभोवती मोठाली कडी. मधल्या दोघींत मोठी कुठली, म्हणून विचारलं. मी विज्ञानाची पदवीधर, पहिलीकडे बोट दाखवलं. "उचल," म्हणाल्या. उचलून एकीवर एक धरल्या तर काठाला काठ जुळले. चाचींनी त्या पुन्हा होत्या तशा ठेवल्या आणि मला बघायला लावलं. पहिली अजूनही मोठीच दिसत होती. "आता ठावं झालं न्हवं? तरी डोळा ऐकतोय का?" मिश्री लावलेले दात दाखवत त्या हसल्या. ही गंमत मी अजून नववीच्या वर्गात करते आणि मुलं दरवर्षी फसतात.

तोवर हे सगळं आमच्या लेखी गमतीचं होतं. मग ताईचा हात गेला.

माझी थोरली बहीण सुरेखा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कामाला होती. तिथे तिचा डावा हात मशीनमध्ये सापडला. मधल्या दोन बोटांची वरची पेरं गेली, बाकी हात वाचला. जखम भरली, टाके निघाले, हाडं जुळली. पण हात काही परत आला नाही. मूठ आवळलेली, मनगट वाकलेलं, आणि सगळा हात ओढणीखाली छातीशी धरलेला. त्या बाजूने कुणी नुसतं गेलं तरी ताई कळवळायची. हात लागायच्या आधीच तिला दुखायचं. हात असाच धरून ठेवला तर कायमचा असाच राहील, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

त्यात तिचं लग्न ठरलेलं. मुलगा केडगावचा. अपघातानंतर तो घरी आला, हात बघून गेला आणि माझ्याकडून काही बदललेलं नाही असं बाबांना सांगून गेला. ताईला ते पटलं नाही. एका हातात चुडा आणि दुसरा हात शालूखाली, अशी मी मांडवात उभी राहणार नाही, म्हणाली. डाव्या हाताला कुणाला हात लावू देणार नाही, तेव्हा त्यांना नाही म्हणून कळवा. आई रात्रंदिवस तोंडाला पदर लावून बसायची. बाबांनी कळवायचं लांबणीवर टाकलं, एवढंच त्यांच्या हातात होतं.

चाचींना हे कळलं, आणि त्या नागपंचमीच्या आधी बांगड्यांची पेटी घेऊन आमच्या घरी आल्या. त्यांचा स्वतःवर फार भरवसा. असले अडलेले हात मी लई बघितलेत, असं त्यांनी आईला दारातच सांगितलं. ताईच्या डावीकडे बसल्या, चहा घेतला आणि आमच्या मामेबहिणीच्या सासरचा विषय काढला. ताईही बोलायला लागली. बोलता बोलता चाचींचा हात ओढणीखाली गेला. पुढचं मला नीट सांगता येत नाही. ताई किंचाळली, हात हिसकला गेला, बांगडीचे तुकडे झाले आणि त्यातला एक चाचींच्या तळव्यात घुसला. ताई आतल्या खोलीत पळाली. चाची तळव्यातल्या रक्ताकडे बघत राहिल्या आणि पुटपुटल्या, "फुटली." त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

बरेच दिवस त्या फिरकल्या नाहीत. मीच दुकानात गेले. हाताला पट्टी होती आणि बोलण्याचा नूर गेला होता. मी ओरडायचं की समजूत घालायची हे ठरवून गेले नव्हते; त्यांना बघून ओरडणं सुचलं नाही. "तिचा हात आधीच ठरवून बसलाय," चाची म्हणाल्या. "म्या तिला तिकडं बघ म्हनलं. ती बघत हुती. पर हात हिकडंच बघत हुता. मला वाटलं, सगळ्या बायांसारखाच हात हाय. चुकलं माजं."

मग मी त्यांना आरशाचं सांगितलं. पुण्याच्या दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी ताईला एक व्यायाम दिला होता. टेबलावर आरसा आपल्या तोंडासमोर लावायचा नाही, दोन हातांच्या मधोमध भिंतीसारखा उभा करायचा. चांगला उजवा हात आरशापुढे, दुखरा डावा आरशामागे, झाकलेला. उजव्या बाजूने आरशात बघायचं आणि उजवा हात हलवायचा. आरशातला उजवा हात डाव्यासारखा दिसतो, त्यामुळे आपला डावा हात धडधाकट आहे आणि न दुखता हलतोय असं दिसतं. रोज बघत राहिलं तर आखडलेला हात सुटायला मदत होते, असं मॅडम म्हणाल्या होत्या. ताईने दोन-तीनदा करून सोडून दिलं. समोर उजवाच हात आहे हे मला माहीत आहे, स्वतःला कशाला फसवू, असं तिचं म्हणणं. आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटत होतं.

चाचींनी सगळं ऐकून घेतलं. मग मान वळवून आपल्या दुकानातल्या आरशाकडे बराच वेळ बघत राहिल्या. त्यांनी मला दोन गोष्टी पुन्हा विचारल्या: डावा हात कुठे ठेवायचा, आणि झाकायचा कशाने.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात रिक्षा थांबली. आत चाची, आणि त्यांच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेला तो उंच आरसा. ताईने बघून तोंड फिरवलं. चाचींनी या वेळी तिची परवानगी मागितली. हात लावणार नाही, म्हणाल्या, आरशाच्या पलीकडे माझा हात दिसला तर हाकलून दे.

"चाची, हे सगळं खोटं आहे," ताई म्हणाली.

"खोटं हाय ते तुलाबी ठावं हाय आन् मलाबी ठावं हाय," चाची म्हणाल्या. "हाताला कुठं ठावं हाय?"

मला फळीवरच्या त्या दोन बांगड्या आठवल्या. ताईला काय आठवलं कुणास ठाऊक, पण ती बसली.

चाची तिच्या उजव्या हातात बांगड्या भरू लागल्या. एक भरायची, काढायची, पुन्हा भरायची. दुकानातल्यासारखी घाई नाही, कुणाच्या जावेची चौकशी नाही, आणि "तिकडं बघ" तर अजिबात नाही. उलट प्रत्येक गोष्ट आधी सांगायच्या. आता हात धरते. आता अंगठा आत घेते. आता दाबते. ताई आरशात बघत राहायची. तिथे तिला पाचही बोटं शाबूत असलेला डावा हात दिसायचा आणि त्या हातावरून हिरवी बांगडी हळूच मनगटावर उतरताना दिसायची. पहिले काही दिवस काहीच झालं नाही. ताई टोमणे मारायची, चाची ऐकून घ्यायच्या. दुकान उघडायच्या आधी यायच्या आणि भरलेल्या सगळ्या बांगड्या मोजून परत न्यायच्या, कारण धंदा तो धंदा.

एके दिवशी आई चहा घेऊन आली ती आरशाच्या मागच्या बाजूने. कप हातात घेऊन ती तिथेच उभी राहिली. पांघरलेला टॉवेल घसरला होता. त्याखाली ताईचा डावा हात उघडा पडला होता, मूठ सुटली होती आणि अंगठा तळव्यात दुमडला होता, बांगडी भरून घेताना दुमडतो तसा. ताईला पत्ताच नव्हता. ती आरशात गुंतली होती. आईच्या डोळ्यांना धारा लागल्या. चाचींनी तिला डोळ्यानेच दटावलं आणि उजव्या हातातली बांगडी काढून पुन्हा भरायला घेतली.

त्यानंतर सगळं सरळ झालं असं मी म्हणणार नाही. काही दिवस हात पुन्हा आखडायचा, ताई रडायची, आरसा भिंतीला तोंड करून ठेवायची. पुण्याच्या मॅडमना बांगड्यांचं ऐकून फार आवडलं आणि त्यांनी पुढचे व्यायाम दिले. चाचींनी मॅडमसाठी एक डझन बांगड्या पाठवल्या, हात न बघता, माझ्या वर्णनावरून माप ठरवून. त्या मॅडमच्या कोपरापर्यंत जातील एवढ्या मोठ्या निघाल्या. चाचींनी दोष माझ्या वर्णनाला दिला.

बाबांना शेवटी केडगावला काहीच कळवावं लागलं नाही. चुड्याच्या दिवशी आरसा आणू का, असं चाचींनी ताईला विचारलं. ताई नको म्हणाली. डावा हात तिने स्वतः उचलून चाचींच्या मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले. "मिटू नगंस," चाची म्हणाल्या. "ह्यो तुजाच हाय. बघ त्याच्याकडं." ताईने डोळे उघडले आणि प्रत्येक बांगडी जाताना बघितली. तिच्या कपाळावर घाम होता, पण हात मागे गेला नाही.

एक गोष्ट फक्त चाचींना आणि आम्हा दोघींना माहीत होती. इतके महिने न वापरल्याने डावा हात वाळला होता. उजव्यात दोन-सहाच्या बांगड्या गेल्या, डाव्यात चाचींनी दोन-चारच्या भरल्या. लग्नाला आलेल्या बायका नवरीचे हात धरून धरून चुडा बघून गेल्या. कुणालाही फरक दिसला नाही. नवरीचे दोन्ही चुडे सारखे असतात हे त्यांना आधीच ठाऊक होतं, मग निरखून बघतंय कोण.

चाची आता नाहीत. शेवटची काही वर्षं त्या दौंडला होत्या. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले, दुकानाची जागा सोडावी लागली आणि रेल्वेत असलेला मुलगा त्यांना आपल्या क्वार्टरवर घेऊन गेला. जाताना मला भेटायला त्यांनी निरोप पाठवला नाही, याचं मला वाईट वाटलं होतं. नंतर कळलं की त्यांनी कुणालाच पाठवला नव्हता.

एका सुट्टीत मी शिरूरहून न्हावरामार्गे केडगावला गेले, ताईला घेतलं आणि आम्ही गाडीने दौंडला उतरलो. ताई केडगावात डबे देते. ज्वारीच्या भाकरी रोज तीच थापते, दोन्ही हातांनी. पण परक्या माणसासमोर डावा हात पदराखाली न्यायची तिची सवय तेव्हाही होती. गाडीतही तो तिथेच होता.

चाची क्वार्टरच्या व्हरांड्यात खाटेवर बसल्या होत्या. अंगाने निम्म्या झालेल्या. सुनेने आमच्यासाठी बिस्किटांची ताटली आणून खाटेजवळच्या स्टुलावर ठेवली, आणि जागा करायला पाण्याचा पेला जरा बाजूला सरकवला. थोड्या वेळाने बोलता बोलता चाचींचा हात पाण्यासाठी गेला. अंदाज न घेता, सरळ गेला, आणि पेला जिथे असायचा तिथे बोटं मिटली. हातात काहीच आलं नाही. आम्हा दोघींना कुठे बघावं कळेना. "हाताला वाटलं हितंच हाय, म्हून गेला," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मला ते हसणं बघवलं नाही.

मग म्हणाल्या, हात आणा बघू. माझा हात दोन्ही हातांत घेऊन त्यांनी बोटांची टोकं चोळली. "मास्तरीणबाई. अजून खडूच हाय वाटतं शाळंत." मग त्यांनी ताईच्या दिशेने हात पसरला. कोण आहे हे आम्ही सांगितलं नव्हतं, आणि ताईने अजून तोंडही उघडलं नव्हतं. ताईने पदराखालून डावा हात काढला आणि त्यांच्या तळव्यावर ठेवला.

चाचींचा अंगठा मधल्या दोन आखूड बोटांवरून फिरला. मग तळवा दाबून बघितला, अंगठ्याचा मांसल भाग चिमटीत धरला, सांधे चाचपले. पुन्हा एकदा चाचपले.

"सुरेखे," त्या म्हणाल्या, "दोन-सहा झाला गं."

चाचींनी सुनेला पेटी आणायला लावली. तो धंदा आता सून करते, कॉलनीतल्या बायकांपुरता. चाचींनी बोटांनी मापं चाचपत हिरव्या बांगड्या काढल्या आणि ताईचा हात मांडीवर घेतला. आता हात धरते, म्हणाल्या. आता अंगठा आत घेते. आता दाबते. ताई हाताकडे बघत होती, आणि चाची, ज्यांनी जन्मभर हातच बघितले, त्या समोर कुठेतरी रेल्वेलाइनकडे तोंड करून बसल्या होत्या. बांगड्या एकामागून एक गेल्या. शेवटी एक जादा भरली.

ताई उठली आणि वाकली. तिने हाक मारली नाही, नमस्कार करते म्हणून सांगितलं नाही. चाचींचा हात उचलला गेला, जरासुद्धा चाचपडला नाही, आणि बरोबर ताईच्या डोक्यावर आला.